पेन्सिल नंतर, आधी संत्रं सोलू द्या! केजीतल्या मुलांचा हात नेमका तयार कसा होतो?

तीन ते सहा या वयात मुलांच्या हातापायांत काय घडत असतं, घरात काय करता येईल आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

माझा भाचा केजी-वनला आहे. वय साडेचार. मागच्या महिन्यात त्याच्या डायरीत लाल पेनानं शेरा आला : ‘रायटिंग सुधारा, घरी रोज दोन पानं सराव घ्या.’ ताईनं त्याच संध्याकाळी चार रेघी वही आणली आणि घरात रोजची रडारड सुरू झाली. पेन्सिल मुठीत, अक्षर रेघेबाहेर आणि दहाव्या मिनिटाला ठरलेलं वाक्य, ‘मामा, हात दुखते ना.’

त्याच आठवड्यात रविवारी आजीनं सगळ्यांच्या हातात एकेक संत्रं दिलं. सगळे सोलून खायला लागले आणि हा मात्र संत्रं धरून नुसता बसला. त्यानं आजवर ते कधी सोललेलंच नव्हतं. डब्यात फोडी जातात, त्याही बिया काढून. शर्टाची बटणं ताई लावते. बूट व्हेल्क्रोचे आहेत, कारण सव्वासातला स्कूल व्हॅन दारात उभी असते. जे हात दिवसभर काहीच करत नाहीत, त्यांच्याकडून आपण संध्याकाळी दोन पानं सुवाच्य अक्षर मागत होतो.

मी शिकलो इंजिनीअरिंग, बालशिक्षण नाही. पण यंत्राला लोड न देता थेट अंतिम चाचणीला उभं केलं, तर ते नापास होणार एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणून हा विषय जरा खणून काढला.

कारक विकास म्हणजे काय?

डीएडच्या पुस्तकात याला ‘कारक विकास’ म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत. चालणं, धावणं, उडी मारणं, चढणं, चेंडू फेकणं ही मोठ्या स्नायूंची कामं. चिमटीत धरणं, बटण लावणं, मणी ओवणं, कात्री चालवणं, लिहिणं ही लहान स्नायूंची. शाळेत आणि घरातही हे दोन वेगवेगळे विषय असल्यासारखे वागवले जातात. खेळ वेगळा आणि अभ्यास वेगळा.

शरीरात मात्र ते एकाच साखळीत आहेत. हालचालींवरचा ताबा साधारणपणे धडाकडून टोकाकडे सरकत जातो. आधी मान आणि पाठ, मग खांदा, कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. वर्धा रोडवरचा आपला डबल डेकर पूल आठवा. वरून मेट्रो, मधून गाड्या, पण आधी उभे राहिले ते खांब. लिहिणाऱ्या बोटांसाठी खांदा आणि पाठ हेच खांब आहेत. पाठ सरळ ठेवून पाच मिनिटं बसताच येत नसेल, तर मूल टेबलावर रेलतं, डोकं हातावर टेकवतं आणि सगळा जोर पेन्सिलीवर काढतं. आपण म्हणतो, ‘नीट बस!’ नीट बसण्याची ताकद मात्र झाडावर चढून, लोंबकळून, उकिडवं बसून, वाळूत खड्डे करून येते.

तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक्स-रे

पालकांच्या ग्रुपवर एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. शेजारी शेजारी दोन एक्स-रे, एक लहान मुलाच्या हाताचा आणि एक सात वर्षांच्या मुलाचा. खाली मजकूर असा की लहान मुलाच्या हातात हाडंच नसतात, म्हणून त्याला लिहायला लावू नका.

हे अर्धं खरं आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी एक्स-रेमध्ये त्यातलं एकही दिसत नाही, कारण ती तेव्हा कूर्चेची असतात. पहिल्या काही महिन्यांत दोन दिसू लागतात, तिसरं साधारण दोन-तीन वर्षांचं असताना, चौथं चारच्या आसपास, पुढची तीन चार ते सहा या काळात. आठवं, वाटाण्याएवढं, थेट आठ ते बाराव्या वर्षी. मुलींमध्ये हे थोडं लवकर होतं. डॉक्टर हाताचा एक्स-रे पाहून हाडांचं वय सांगतात ते याच क्रमावरून.

पण एक्स-रेत दिसत नाही म्हणजे तिथे पोकळी आहे, असं नव्हे. कूर्चा असतेच आणि त्याच हातांनी तीन वर्षांचं मूल कणीक तिंबतं, झोक्याला लटकतं. थोडक्यात, फॉरवर्डचा सल्ला बरा आहे, त्याला दिलेलं कारण अपुरं आहे. लिखाण अडतं ते मुख्यतः मेंदू, नसा आणि स्नायू यांचा ताळमेळ अजून बसलेला नसतो म्हणून. आणि तो नुसत्या वाढत्या वयानं बसत नाही, वापरानं बसतो.

पेन्सिलीची पकडही अशीच टप्प्याटप्प्यानं बदलते. वर्ष-दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरून अख्ख्या खांद्यानं रेघोट्या ओढतं. दोन-तीन वर्षांचं असताना बोटं खडूवर येतात, पण हलतो तो हाताचा पुढचा भाग. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा आणि दोन बोटांची पकड दिसायला लागते. तरी हालचाल मनगटातूनच होते. फक्त बोटं हलवून लिहिणं अनेक मुलांना साडेचार ते सहाच्या दरम्यान जमतं. म्हणजे केजी-वनच्या एकाच वर्गात तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरची मुलं बसलेली असतात आणि वही सगळ्यांची एकच.

आकार काढण्याचंही तसंच. बालरोगतज्ज्ञ जो ठोकताळा वापरतात त्यानुसार पाहून वर्तुळ काढणं तीन वर्षांच्या आसपास जमतं, अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास, त्रिकोण पाचला. तिरक्या रेघा सर्वांत उशिरा येतात. आता इंग्रजी मुळाक्षरांतलं पहिलं मोठं अक्षर डोळ्यांसमोर आणा. ‘ए’ म्हणजे दोन तिरक्या रेघा! साडेतीन वर्षांच्या मुलाचा श्रीगणेशाच आपण त्याला सगळ्यात उशिरा जमणाऱ्या रेघेनं करतो. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांना हे बरोबर कळलं असावं. अक्षरओळख ‘अ’पासून न करता ‘गमभन’पासून करायची, म्हणजे सारख्या वळणाची, सोप्या दांड्यांची अक्षरं आधी. आणि त्याआधी धुळाक्षरं. पाटीवर पसरलेल्या धुळीत बोट फिरवायचं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही आणि चुकलं तर हात फिरवून सगळं साफ.

ताराबाईंनी हे आधीच ओळखलं होतं

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे लेखनाआधी हात तयार करण्यावर भर होता. पाणी ओतणं, बटणं लावणं, लाकडी दट्ट्या तीन बोटांनी त्याच्या मूठकडीला धरून खाचेत बसवणं. ती तीन बोटं पुढे पेन्सिल धरणार असतात. मुलाला वाटतं आपण खेळतोय.

महाराष्ट्रात हा विचार रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. दादरच्या शिशुविहारमध्ये मध्यमवर्गातली मुलं होती, साहित्यही होतं. खरी परीक्षा १९४५ पासून बोर्डीत झाली. गावातल्या, पाड्यावरच्या मुलांसाठी महागडं मॉन्टेसरी साहित्य आणणार कुठून? मग शंख, शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे. त्याच्यामागे हे अंगण आहे. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीनं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालली.

नागपूरहून तासाभराच्या अंतरावर, सेवाग्रामलाही, नई तालीममध्ये सहा-सात वर्षांखालच्या मुलांसाठी ‘पूर्व बुनियादी’ वर्ग होते आणि शांता नारूळकर यांनी ते घडवले. झाडणं, पाणी भरणं, बागेत काम हाच तिथला अभ्यास होता.

आज शहरात दर दोन गल्ल्यांआड ‘मॉन्टेसरी’ नावाची पाटी दिसते. आत शिरलं की बाकांच्या रांगा आणि वर्कबुकचे गठ्ठे दिसतात, हा भाग वेगळा.

सरकारी धोरण याबाबतीत कागदावर तरी स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयोगटासाठी पाठ्यपुस्तकं नकोत, खेळातून शिक्षण हवं, असं म्हटलं आहे. राज्यातल्या अंगणवाड्यांसाठीचा अभ्यासक्रमही खेळ आणि कृतींवरच उभा आहे. म्हणजे दरमहा हजारोंची फी भरून आपण जे विकत घेतो, त्यापेक्षा अंगणवाडीतला आराखडा मुलाच्या हाताला अधिक मानवणारा असू शकतो. अडचण जागेची आहे. शहरी वस्तीतली अंगणवाडी अनेकदा भाड्याच्या एका खोलीत असते. तिथे धावणार कुठे?

आपल्या घरात आणि सणांत काय आहे?

ऑनलाइन ‘फाइन मोटर किट’ शोधलं तर हजार-दोन हजारांची लाकडी खेळणी दिसतात. घेऊ नका असं नाही. पण आधी स्वयंपाकघरात चक्कर मारा.

नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. अंगठा रुतवला की सुटते. एक हात फळ धरतो, दुसरा सोलतो. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळी कामं करणं हेच पुढे एका हातानं कागद धरून दुसऱ्यानं लिहिताना लागतं. हिवाळ्यात मटार सोलायला बसवा. मेथी-कोथिंबीर निवडायला द्या. कणकेचा गोळा द्या, त्याचे साप करू देत, पोळ्या करू देत, त्या कुणी खायलाच हव्यात असं नाही. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे उघडून लावायला सांगा. चिमट्याचा तो लहानसा स्प्रिंग बोटांसाठी जिमच आहे. रुमालाची घडी, डब्याचं झाकण फिरवणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं. सांडेल. पुसायला फडकंही त्याच्याच हातात द्या, कारण पिळणं हाही व्यायामच आहे.

रांगोळीबद्दल वेगळं सांगायला हवं. चिमटीतून भुकटीची सारखी धार सोडणं हे किती अवघड नियंत्रण आहे, ते मोठ्यांनी करून पाहावं. चार वर्षांच्या मुलाची रेघ फराटेदार येईल. येऊ द्या. मुलगा असला तरी द्या.

आपल्या सणांत तर हे ठासून भरलंय. संक्रांतीनंतरचं बोरन्हाण, म्हणजे आपल्याकडची लूट. डोक्यावरून पडलेली बोरं, उसाचे करवे, मुरमुरे वेचायला मुलं झडप घालतात तेव्हा वाकणं, उकिडवं बसणं, चिमटीत धरणं असा पूर्ण संच होऊन जातो. आणि तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवायचा, झूल बांधायची, मणी ओवायचे आणि मग दोरी धरून घरोघरी बोजारा मागत फिरायचं. चाकांवरचा जड बैल खडबडीत रस्त्यावरून ओढताना मूल मागे वळून पाहतं, तोल सावरतं, दोरी ढिली-ताठ करतं. फिजिओथेरपिस्टनं आखलेला व्यायाम वाटावा. हल्ली काही सोसायट्यांत बैल बाबांच्या हातात आणि मूल कडेवर, फोटोपुरतं. तेवढं टाळा.

खडूचे मोठे तुकडे मुठीत धरले जातात, म्हणून तुटलेले, बोटभर तुकडे द्या. ते मुठीत मावतच नाहीत, बोटांनीच धरावे लागतात. उभ्या भिंतीवर किंवा फळ्यावर रेघोट्या मारल्या की मनगट आपोआप योग्य कोनात वर उचललं जातं. भाड्याच्या घरात भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवा, घरमालक खूश राहील.

एक इशारा. शेंगदाणे, फुटाणे, बोराच्या बिया, मणी हे श्वासनलिकेत अडकू शकतात. चार वर्षांखालच्या मुलांना असे अख्खे कठीण दाणे खायला देऊ नयेत आणि मण्यांचा खेळ मोठ्यांच्या डोळ्यांसमोरच व्हावा. बटणासारखे गोल सेल तर हाती लागताच कामा नयेत.

४५ अंशांत धावायचं कधी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी असावी. स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, झोप १० ते १३ तास. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनाही दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची मर्यादा एक तासच सांगते.

तीन तास ऐकून दचकू नका. ते सलग नाहीत. पायऱ्या चढणं, दुकानापर्यंत चालत जाणं, घरात नाचणं सगळं मोजलं जातं. पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात सकाळी नऊनंतर मुलाला बाहेर सोडता येत नाही, हे जिनिव्हात बसून कळणार नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वेळ दोनच, सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. महाराजबाग, अंबाझरी, सेमिनरी हिल्सचं बालोद्यान, नाहीतर घराजवळचं कुठलंही मैदान. दुपारी घरातच गाद्यांचा डोंगर करून चढउतार, पलंगाखालून रांगत जाणं, अर्धी बादली पाणी कुलरपर्यंत नेणं, हातांवर चालत ‘हातगाडी’ होणं. लंगडी चार-पाच वर्षांच्या मुलांना जमू लागते आणि तिला एक फरशी पुरते.

मोबाइलचं काय? तुम्ही हा लेख मोबाइलवरच वाचताय, तेव्हा प्रवचन नको. तांत्रिक मुद्दा एवढाच की काचेवर बोट सरकतं, पण काच उलट दाब देत नाही. कणीक देते, माती देते, पाटीवरची पेन्सिल देते. हाताला किती जोर लावायचा हे त्या उलट दाबातूनच कळतं. ज्याला हा अंदाज नसतो तो कागद फाडतो नाहीतर इतकं फिकट लिहितो की दिसत नाही.

काळजी कधी करायची?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, हे वाक्य खरं आहे आणि धोकादायकही. त्याच्या आड खऱ्या अडचणीही लपतात.

अमेरिकेच्या सीडीसीनं २०२२ मध्ये आपले टप्पे सुधारले. किमान ७५ टक्के मुलांना त्या वयात जे जमतं तेवढंच यादीत ठेवलं. त्यानुसार तीन वर्षांचं मूल मोठे मणी ओवतं आणि काही कपडे स्वतः घालतं. चार वर्षांचं मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलतं, काही बटणं काढतं, खडू मुठीऐवजी बोटांत धरतं. पाच वर्षांचं काही बटणं लावतं आणि एका पायावर उडी मारतं. एखादी गोष्ट राहिली म्हणजे आजार नव्हे. आधी संधी द्या, महिना-दोन महिने सराव होऊ द्या. संत्रं कधी हातातच दिलं नसेल तर ते सोलता येत नाही, याला दोष मुलाचा नाही.

काही खुणा मात्र वाट पाहण्यासारख्या नाहीत. जमत असलेली गोष्ट जमेनाशी होणं. दीड वर्षाच्या आतच बाळ ठामपणे एकच हात वापरतं आणि दुसरा आखडून ठेवतं. सतत चवड्यांवर चालणं. आणि सगळ्यात महत्त्वाची, जी घरात ‘आळशी आहे’ म्हणून सोडून दिली जाते : तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या फुगीर दिसतात, जिना चढताना थकतो. याला गोवर्स चिन्ह म्हणतात. ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या अनुवंशिक आजारात ते दिसतं आणि तो जवळपास मुलग्यांनाच होतो. पहिली तपासणी साध्या रक्तचाचणीची आहे. ती लवकर झाली तर उपचार वेळेवर सुरू होतात आणि कुटुंबाला पुढचा विचार करता येतो.

हातांत किंवा पायांत काहीही आजार नसताना केवळ हालचालींचा समन्वय जमत नाही, अशी मुलंही असतात. शाळकरी वयात त्यांचं प्रमाण पाच-सहा टक्के धरलं जातं, म्हणजे ४० च्या वर्गात दोन. पाच वर्षांआधी सहसा हे निदान पक्कं करत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीचा त्यांना फायदा होतो, वहीच्या जादा पानांचा होत नाही. आणि डावखुरेपणा हा दोष नाही. घास उजव्या हातानंच घ्यायचा हट्ट आजी-आजोबा करत असतील, तर त्यांना प्रेमानं थांबवा.

तपासणी कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि विकासातला विलंब हे चार विषय त्यात येतात. गरज असेल तर मुलाला जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं.

गंमत अशी की मोठी फी घेणारी खासगी नर्सरी या पथकाच्या फेरीत येत नाही. तिथल्या मुलावर नजर ठेवायची ती आईबाबांनीच. बालरोगतज्ज्ञांकडे लसीकरणासाठी जातो तेव्हा ‘हा जिना कसा चढतो, बटण लावतो का’ हे आपणहून सांगा. डॉक्टरांसमोर मुलं हमखास आईच्या कुशीत शिरतात आणि काहीच करून दाखवत नाहीत. म्हणून जाण्याआधी घरी तीन छोटे व्हिडिओ काढा : जमिनीवरून उठताना, जिना चढता-उतरताना आणि खडूनं रेघोट्या मारताना. प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. मुलाला न सांगता, बाजूनं, पाय पूर्ण दिसतील असे.